तेलकट्ट्यावरच्या रेघा

मित्रांनो, मी एक वाकडा पटर आहे. जुना तर आहेच, पस्तीस वर्षं झाली मला. पण आधी वाकडा म्हणतो, कारण माझी सगळी कहाणी त्या बाकात आहे. ती कहाणी कुणी वेळेवर सांगितली नाही, म्हणून एका गुणी पोरीची दोन वर्षं वाया गेली. मला तोंड असतं तर मी पहिल्याच दिवशी ओरडलो असतो. पण लोखंडाला तोंड कुठलं? म्हणून आज सांगतोय, तेवढं ऐकून घ्या.

गोल्फ नावाचा खेळ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. लांबच लांब टोले, एवढासा पांढरा चेंडू. टोले मारायच्या काठ्या वेगळ्या. चेंडू भोकाजवळ आला, की शेवटच्या चार-सहा हातांवरून त्याला हळूच ढकलून भोकात घालायचं काम माझं. लोक टाळ्या वाजवतात टोल्यांना, आणि सामने हरतात ते माझ्यापाशी येऊन. ही बढाई नाही, खेळणाऱ्या कुणालाही विचारा.

माझा जन्म मात्र हिरवळीवरचा नाही. भालकी तालुक्यात मेहकर गावाबाहेर तांबडा माळ आहे. जुन्या जमान्यातल्या अंमलदारांनी तिथं नऊ भोकांचं मैदान आखलं. प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं गवत कुठून उगवणार? मग प्रत्येक भोकाभोवती वाळू पसरायची, तीत जळकं ऑइल कालवायचं, वरून रूळ फिरवायचा आणि गोल अंगण तयार करायचं. गावात त्याला तेलकट्टा म्हणतात. त्याच्यावर माणसांचे पाय उमटतात, म्हणून चेंडू ढकलण्याआधी चेंडूपासून भोकापर्यंत एक जड पोतं ओढून वाट सपाट करावी लागते. त्या सपाट वाटेवरून चेंडू गेला, की मागे बारीक रेघ राहते. कुठून निघाला, कुठं वळला, सगळं वाळूवर लिहिलेलं. गवतावर असली रेघ उमटत नाही. एवढं लक्षात ठेवा.

पोतं ओढायचं काम होतं सरूचं. आज तिला सगळा मुलूख सरुबाई म्हणून ओळखतो, पण तेव्हा ती तेरा वर्षांची, अनवाणी, ऑइलनं पाय काळे झालेली पोरगी होती. तिची आई रूळ ओढायची आणि ही पोतं. साहेब लोक खेळायचे, ही वाट करून द्यायची आणि बाजूला उभी राहायची. बघून बघून तिला खेळ पाठ झाला होता. एके दिवशी एक साहेब आपली काठी भोकाशी टेकवून पाणी प्यायला गेला. सरूनं ती काठी उचलली आणि चेंडू ढकलला. चेंडू टपकन भोकात! ती आनंदानं हसली. एवढाच तिचा गुन्हा.

साहेब परत आला, त्यानं ते पाहिलं. 'माझ्या काठीला हात लावतेस?' म्हणाला, आणि तीच काठी तिच्या डाव्या हातावर घातली. एकदा नाही, तीनदा. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हात जुळला, पण कोपराखाली वाकडा जुळला. घरातल्यांनी बाहेर सांगितलं, पोर चिंचेवरून पडली. साहेबाच्या विरोधात बोलायची त्यांची टाप नव्हती. पुढं सरूही तेच सांगू लागली आणि सांगत राहिली.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही बरं का. मी तेव्हा भालकीच्या रस्त्यावर धावणाऱ्या एका एस.टी.च्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यात होतो. हे मला कळलं धोंडप्पा लोहाराच्या भात्यापाशी. दोन वर्षांनी सरू त्यांच्याकडं गेली आणि म्हणाली, "काका, मला एक काठी करून द्या." धोंडप्पांनी मोडक्या बसच्या पाट्याचा तुकडा तापवला, ठोकला, घासला आणि खाली माझं डोकं केलं. वर एक पोकळ नळी बसवली, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. झालो मी तयार. तेव्हा मी सरळ होतो हो, अगदी ओळंब्यात!

संध्याकाळी साहेब लोक गेल्यावर दोघं कट्ट्यावर आले. सरूनं पोतं ओढलं, मला धरलं, चेंडू ढकलला. गेला उजवीकडं. पुन्हा ढकलला, पुन्हा उजवीकडं. दहा वेळा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडप्पा मात्र खाली वाकून वाळू बघत होते. दहाच्या दहा रेघा भोकापासून चार बोटं उजवीकडं, एकीला एक चिकटलेल्या.

"रडतीस कामून?" ते म्हणाले. "नेम चुकायला असता तर रेघा चार दिशांना गेल्या असत्या. तुझा नेम पक्का हाय. तुझा हात मनगटाला बाहेर वळतोय, तेवढंच."

"मग हात सरळ करा की, काका."

"हात सरळ करणं माझ्या हातात न्हाई, पोरी. लोखंड वाकवता येतंय."

त्यांनी मला परत भात्यात घातलं आणि मानेवर तीन घाव घातले. माझं तोंड किंचित डावीकडं वळलं. बघणाऱ्याला कळणारही नाही इतकं. दुसऱ्या दिवशी त्याच कट्ट्यावर, त्याच वाटेवर चेंडू सरळ भोकात गेला. सरूनं धोंडप्पांकडून वचन घेतलं: हाताचं आणि मानेचं कुणाला सांगायचं नाही. "लोक मला लंगड्या बकरीगत बघतील. मला कुणाची कीव नको," ती म्हणाली. त्यांनी शब्द दिला आणि पाळला.

पुढची वर्षं माझ्या सुखाची. तो मारकुटा साहेब बदलून गेला. नव्यानं आलेल्या एक इंजिनीयर बाई होत्या, विजयश्री मॅडम. त्यांनी सरूला खेळताना पाहिलं आणि थेट हैदराबादच्या स्पर्धेत तिचं नाव दिलं. फुल बाह्यांचा शर्ट, पायात उसने बूट आणि हातात मी. लोक माझ्याकडं बघून हसले. शेवटच्या भोकाला हसू थांबलं. तिथून जे सुरू झालं ते वीसेक वर्षं चाललं. बंगळुरू, पुणे, कोलकाता, कुठं कुठं फिरलो आम्ही. सात करंडक आले. सरुबाई चार हातांवरून चुकत नाही, असं पेपरात छापून यायचं. मेहकरच्या विहारात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिचा सत्कार झाला, भालकीच्या चौकात बॅनर लागला, आणि त्या बॅनरवर मीही होतो. खोटं कशाला बोलू, मला फार गर्व झाला होता. गवतावर रेघ उमटत नाही आणि चेंडू भोकात जातोय, मग मान वाकडी आहे हे कुणाच्या ध्यानात राहणार? मीसुद्धा विसरलो. सरुबाईसुद्धा विसरली. तिच्या हातात मी सरळच होतो.

तिची पोर ज्योत्स्ना. वडील माणिकराव शेतीत रमलेले, पोर मात्र आईच्या पायांत घोटाळत माळावरच वाढली. पोरगी हुशार, लांब टोल्यात तर आईपेक्षा सरस. वीस वर्षांची झाली आणि आईसारखीच व्यावसायिक खेळाडू झाली. त्या दिवशी विहारात सगळा गाव जमला. सरुबाईनं मला पुसलं, तेलाचा हात फिरवला आणि सगळ्यांसमोर मला ज्योत्स्नाच्या हातात दिलं. ज्योत्स्नानं मला कपाळाला लावलं. बाया डोळे पुसायला लागल्या. मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी माझी छाती भरून आली होती. आणि तिथंच घात झाला.

पहिली दोन वर्षं निभावलं. पोर तरणी, हात चपळ. चेंडू डावीकडं जातोय म्हटल्यावर तिचं मनगट आपसूक त्याला उजवीकडं ढकलायचं. तिला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. पण अशी उसनवारी किती दिवस टिकणार? मोठ्या स्पर्धेत छाती धडधडायला लागली, की मनगट विसरायचं आणि चेंडू भोकाच्या डाव्या कडेवरून निघून जायचा. एकदा, दोनदा, दहादा. मग हात थरथरायला लागला. तीन हातांवरून चुकायला लागली, दोन हातांवरून चुकायला लागली. मागं उभे असलेले लोक कुजबुजायचे, "सरुबाईची पोर ना ही? आईचाच पटर हाय म्हणे हातात. तरी चुकायलीय बघा." ते ऐकून तिची मूठ माझ्यावर अशी आवळायची, की ट्यूबवर नखांचे व्रण पडायचे.

बंगळुरूच्या शिकवणाऱ्या सरांनी एकदा मला डोळ्यासमोर धरून पाहिलं. ते म्हणाले, "ज्योत्स्ना, याची मान जरा वळलेली दिसते. हा दुसरा घेऊन बघ." आणि त्यांनी तिच्या पिशवीत एक साधा नवा पटर घातला. ज्योत्स्ना फणकारली. "सर, ह्याच पटरनं माझ्या आईनं सात करंडक जिंकलेत. मान वळलेली असती तर तिचा चेंडू कसा गेला असता?" सरांनी सरुबाईचा हात कधी उघडा पाहिलेला नव्हता. आणि ज्योत्स्नानं जन्मापासून पाहिलेला होता. पण आईचा हात म्हणजे आईचा हात, त्याच्याकडं निरखून कोण बघतं?

मागच्या मोसमात तिचा परवाना गेला. मोठ्या स्पर्धांत वर्षभर खेळायचं तर परवाना लागतो, आणि तो गेला की म्हैसूरच्या निवड स्पर्धेत पुन्हा मिळवावा लागतो. ती स्पर्धा बारा दिवसांवर आली तेव्हा ज्योत्स्ना बॅग घेऊन मेहकरला आली. दारातच आईला म्हणाली, "ह्या टायमाला न्हाई जमलं तर सोडून देणार हाय मी. बसवकल्याणच्या शाळेत खेळाच्या बाईची जागा हाय. तिथं जाते."

"असं कामून बोलायलीस?" सरुबाई म्हणाली. "चल, कट्ट्यावर चल."

जुना क्लब कधीच बंद पडलेला. नऊ कट्ट्यांपैकी एकच राहिलाय, तोही सरुबाईनं हट्टानं राखलेला. तिनं स्वतः पोतं ओढलं. पन्नाशी गाठली तरी ते काम ती दुसऱ्याला करू देत नाही. आधी तिनं मला हातात घेतलं आणि चेंडू ढकलला. रेघ सरळ, चेंडू भोकात. मग ज्योत्स्नाची पाळी. कडेला दगडावर धोंडप्पा बसले होते. पंचाहत्तरी उलटलेली, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा.

पहिला चेंडू डावीकडं. दुसरा डावीकडं. तिसरा, चौथा, पाचवा. घरच्या मातीवर, आईसमोर, कसलीही स्पर्धा नसताना पोरीचा हात थरथरत नव्हता. पाची रेघा भोकापासून चार बोटं डावीकडं, एकीला एक चिकटलेल्या.

मित्रांनो, मी सरुबाईच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ती त्या रेघांकडं बघत राहिली आणि तिच्या तोंडाचा रंग उडाला. पस्तीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ तिला आठवली असणार, मलाही आठवली. मी मनातल्या मनात ओरडलो, 'बोल बाई! आता तरी बोल!' धोंडप्पा दगडावरून अर्धे उठले. "सरू," ते म्हणाले, "सांग तिला."

"काका, तुम्ही गप बसा," सरुबाई म्हणाली.

तिनं पोत्याची दोरी उचलली आणि त्या पाची रेघांवरून पोतं ओढलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. कट्टा कोरा झाला.

"काय सांगायचं, अज्जा?" ज्योत्स्नानं धोंडप्पांना विचारलं.

"काय न्हाई," तिची आई म्हणाली. "सराव कमी पडायलाय तुझा. अजून मार."

मला त्या बाईचा इतका राग आला, की काय सांगू! जिच्या हातात मी उभं आयुष्य काढलं, तिचा राग. पण तिचा जीव कशात अडकला होता तेही मला माहीत होतं. मानेचं सांगायचं तर हाताचं सांगावं लागणार. हाताचं सांगायचं तर त्या साहेबाचं सांगावं लागणार. जी गोष्ट तिनं स्वतःच्या नवऱ्यालाही धड सांगितली नव्हती, ती पोरीला सांगायची.

चौथ्या दिवशी तिनं अर्धी वाट काढून पाहिली. भाकरी वाढता वाढता सहज बोलल्यागत म्हणाली, "ज्योत्स्ने, तो सरांनी दिलेला पटर हाय ना पिशवीत? तो वापरून बघ की."

ज्योत्स्नाचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुझा पटर मला पेलत न्हाई. असंच ना?"

"तसं कुठं म्हणायलेय मी?"

"दुसरं काय म्हणायलीस मग? गावासमोर दिलास आणि आता गुपचूप काढून घ्यायलीस. जगाला वाटतंय मला जमत न्हाई. आता तुलाबी वाटायलंय."

"अगं पोरी, ऐक तरी..."

"तुझ्याच पटरनं जाणार हाय मी म्हैसूरला. बघ तू."

झालं! आगीत तेल पडलं. त्या दिवसापासून पोर सकाळ-दुपार कट्ट्यावर. पाचशे पाचशे चेंडू. प्रत्येक चेंडू डावीकडं आणि प्रत्येक वेळी चूक आपलीच असं समजून ती स्वतःला शिव्या घालायची. मनगटाला कापडाची पट्टी घट्ट बांधायची, इतकी घट्ट की बोटं निळी पडायची. सरुबाई लांबून बघायची, पोतं ओढून रेघा पुसायची आणि घरी निघून जायची. मी रोज त्या पोरीच्या हातात असायचो आणि मीच तिचा घात करत होतो. एखाद्या वस्तूला याहून मोठी शिक्षा काय असणार?

नववा दिवस. दुपारचं ऊन, माळावर चिटपाखरू नाही. ज्योत्स्नानं दोन हातांवर चेंडू ठेवला. दोन हात म्हणजे लहान पोरगंही घालील. चेंडू डावीकडून गेला. तिनं मला फेकून दिलं. मग कडेला उभ्या असलेल्या लोखंडी रुळापाशी गेली आणि स्वतःचा डावा हात त्याच्यावर आपटला. "खराब! खराब हाय हा हात!" पुन्हा आपटला.

"हाताला मारू नको!"

सरुबाईची ती आरोळी मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. पोतं टाकून ती धावत आली आणि पोरीचा हात दोन्ही हातांनी छातीशी धरला. "हाताला मारू नको गं माय. हाताला न्हाई मारायचं."

"सोड, आई. खराबच हाय तो."

"तुझा न्हाई. माझा हाय."

तिनं मनगटाचं बटण काढलं. बाही कोपराच्या वर सरकवली. भर दुपारी, त्याच माळावर, त्याच कट्ट्याच्या कडेला तिनं तो हात उघडा केला. "धर तुझा हात ह्याच्या बाजूला. बघ."

"आई, माहीत हाय मला. चिंचेवरून पडली होतीस."

"चिंचेवर मी कधी चढलेच न्हाई, पोरी. हितं मोडलाय हा. एका माणसानं मोडला. त्याच्या काठीला हात लावला म्हणून."

आणि तिनं सगळं सांगितलं. तीन फटके, हाडवैद्य, धोंडप्पा, दहा रेघा, माझी मान. ज्योत्स्ना माझ्याकडं आली, मला उचलून तिनं डोळ्यासमोर धरलं, जसं सरांनी धरलं होतं.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

सरुबाईला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं, असं म्हणाली असती तर कोण विचारणार होतं? पण ती म्हणाली, "तू आलीस त्या दिवशी. पाच रेघा बघून."

"म्हणून पोतं ओढलंस?"

"व्हय."

"नऊ दिवस, आई! मी हितं स्वतःला मारून घ्यायलेय आणि तू रेघा पुसायलीस? कामून?"

"त्या माणसानं माझ्यावर खूण ठेवली, हे मला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं," सरुबाई म्हणाली. "आणि भ्या वाटलं. लोक म्हणतील, वाकडी काठी होती म्हणून जिंकली. आयुष्यभर एवढं एकच तर माझं होतं."

"आणि मी? मी कुणाची होते?"

ज्योत्स्ना मला वाळूत टाकून घरी निघून गेली. सरुबाई रुळाला टेकून बसून राहिली, बाही तशीच वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरुबाई मला घेऊन धोंडप्पांच्या लोहारसाळेत गेली. "काका, सरळ करा ह्याला."

धोंडप्पांनी माझ्या मानेवर अंगठा फिरवला. "सरू, लोखंड म्हातारं झालंय. तापवून ठोकलं तर मान तुटंल."

"तुटू द्या. पण पोरीला सरळ काठी देऊन बघू. न्हाईतर मला चैन पडायचं न्हाई."

भाता सुरू झाला. मला निखाऱ्यांत घालणार एवढ्यात दारात ज्योत्स्ना उभी राहिली. डोळे सुजलेले. "थांबा, अज्जा," ती म्हणाली. आत येऊन तिनं मला त्यांच्या चिमट्यातून सोडवलं. "ह्याला सरळ करू नका. ह्याची मान सरळ झाली, तर हात कसा मोडला हे परत कुणाला कळणार न्हाई." मग आईकडं वळून म्हणाली, "रेघा पुसल्यास तेवढं पुरे झालं."

सरुबाईनं मान खाली घातली. माझ्यासाठी बोलणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. आणि बोलली कोण, तर जिचं मी सगळ्यात जास्त नुकसान केलं ती पोर.

तिच्या हातात तीनच दिवस उरले होते. सरांचा तो साधा पटर तिनं पिशवीतून काढला. कट्ट्यावर आईनं पोतं ओढलं, पोरीनं चेंडू ढकलले. पहिल्या दिवशी रेघा चार दिशांना पांगल्या, कारण मनगटाला चार वर्षांची खोड लागलेली. दुसऱ्या दिवशी जरा जवळ आल्या. तिसऱ्या दिवशी दहांतल्या सहा भोकात. मायलेकी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या, पण कुणी रेघा पुसायच्या आधी दोघी मिळून वाकून बघत होत्या. मी रुळाला टेकून हे सगळं पाहत होतो. आणखी नऊ दिवस मिळाले असते तर, एवढाच विचार माझ्या मनात यायचा. सरुबाईच्याही येत असणार.

म्हैसूरचा फोन आला तेव्हा सरुबाई कट्ट्यावर होती. तिनं फोन कानाला लावला नाही, आवाज मोठा करून रुळावर ठेवला.

"एकाच फटक्याच्या फरकानं हुकला परवाना," ज्योत्स्नाचा आवाज आला. "शेवटच्या भोकाला तीन हातांवरून चुकले."

"माझ्यापायी गं," सरुबाई म्हणाली. "ते नऊ दिवस माझ्यापायी गेले."

"व्हय, गेले," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं आईला सांभाळून घेतलं नाही आणि मला ते बरंच वाटलं. मग ती म्हणाली, "पण ऐक ना आई. चेंडू उजवीकडं गेला."

"काय?"

"उजवीकडं गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा. ही चूक माझी हाय, आई. माझी स्वतःची. ही मला दुरुस्त करता येतेय." लगेच पुढं म्हणाली, "शाळेतल्या जागेला नको म्हणून सांग. रविवारी यायलेय मी. पोतं मी ओढणार."

मित्रांनो, तेव्हापासून मी माळावरच्या खोलीत रुळाशेजारी टेकून आहे. सरुबाई आता अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालते. कुणी विचारलं तर सांगते, आणि सांगताना अजूनही तिचा आवाज चिरकतो. परवा गावातल्या दोन पोरी आल्या, मला हात लावून म्हणाल्या, "हाच का तो नशिबाचा पटर?" सरुबाई म्हणाली, "नशिबाचा न्हाई. माझ्या मोडक्या हाताचा हाय. तुम्ही आधी तुमचे हात दाखवा."

आता माझं एकच मागणं आहे. जुन्या वस्तू जपा, पुसा, तेल लावा, मी काही नको म्हणत नाही. गंज कुणाला आवडतो? पण आईबापाची वस्तू हातात घ्याल तेव्हा ती कुणाच्या मापाची आहे ते आधी विचारा. आणि मोठे व्हाल, तुमच्या पोरांच्या हातात काही द्याल, तेव्हा त्याचे करंडक सांगून थांबू नका. मलाही कधी कुणाच्या हातात द्यायची वेळ आली, तर एवढं तरी सांगा, की ह्याची मान वाकडी आहे, आणि ती का वाकडी आहे.